खळ घातलेला टीशर्ट

लॉन्ड्रीताईला माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत, डागावरून यायची. रस्त्यात कुणी हसून मान हलवली की ती क्षणभर कोऱ्या नजरेनं बघत राही, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडे: अरे, हे तर खिशात उघडं पेन ठेवणारे गृहस्थ. डॉक्टरीणबाई म्हणजे उजव्या बाहीवर आयोडीन. वकीलसाहेब म्हणजे पोटावर, नेमका तिसऱ्या बटणापाशी, चहा. चाळिशी ओलांडेपर्यंत तिनं इतके डाग पाहिले होते की माणसांबद्दल नवं काही कळायचं उरलंय असं तिला वाटत नव्हतं. हा गैरसमज दूर व्हायला तिला लग्न करावं लागलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे ग्रीसनं माखलेले कामाचे कपडे ती बरेच दिवस धूत होती. विधुर, अबोल, दर वेळी पावती हरवणारा माणूस. एके दिवशी त्यानं एक शर्ट आणून काउंटरवर ठेवला. ताईनं तो उलटसुलट करून पाहिला, कॉलर पाहिली, कफ पाहिले. शर्टावर औषधालासुद्धा डाग नव्हता. तिनं मान वर केली तर हा दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा उभा. तिला काय ते कळलं, आणि वर्षभरात लग्न झालं.

दुकान छोटंच होतं. मागे धुण्याची मशिनं, पुढे काउंटर, आणि मधल्या प्रेसच्या टेबलामागे मामा. मामा नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, तरी सगळ्या रस्त्याचे होते. इस्त्रीत त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. डोक्याला मात्र ते रोज इतकं तेल चोपडायचे, की ते केस आहेत की वरून रंग मारलाय, असा प्रश्न नव्या गिऱ्हाइकाला पडावा.

त्या दुकानात कुणी कुणाला शिव्या दिलेल्या ताईला चालायच्या. एक शब्द मात्र चालत नसे, तो म्हणजे 'चुरगळणं'. तिचा जन्म सुरकुत्यांशी भांडण्यात गेला होता. कुणाच्या हातात बोळा झालेला रुमाल दिसला तर ती तो मागून घ्यायची, घडी घालायची आणि परत द्यायची. नवरा झोपलेला असला की त्याच्या कपाळावरच्या आठ्यांकडेही तिची बोटं आपोआप वळत.

आणि अशा बाईच्या घरात भिंगरीचे केस होते.

भिंगरी म्हणजे नवऱ्याची अकरा वर्षांची मुलगी. चालायला लागल्यापासून पाय एका जागी ठरला नाही, म्हणून बापानं हे नाव पाडलेलं. तिच्या डोक्यावर जे काही कुरळं होतं त्याला केशरचना म्हणणं धाडसाचं झालं असतं. ते केस खाली वाढतच नसत, बाजूंना वाढत. आई जाऊन तीनेक वर्षं झाली होती, आणि घरी येणारा प्रत्येक जण पोरीच्या डोक्याकडे बघून म्हणायचा, "अगदी आईचे केस." भिंतीवरच्या फोटोत आईच्या डोक्यावर तेच केस बटाबटांनी, चमकत, शहाण्यासारखे बसलेले दिसत. मुलीच्या डोक्यावर ते नुकतंच भांडण झाल्यासारखे उभे असत. बाप बिचारा तेल लावून, कोरडा कंगवा फिरवून, दोन रबरांत ते आवळायचा. त्यातलं एक रबर दुपारपर्यंत तुटायचं.

लग्न होऊन घरी आल्यावर ताईनं जे केलं ते कुठल्याही लॉन्ड्रीवाल्या बाईनं केलं असतं. तिनं कपाटं उघडली आणि आतलं सगळं धुऊन काढलं. भिंगरीच्या कपाटात अगदी तळाशी, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, एक जुना करडा टीशर्ट होता. पुरुषी मापाचा, बाह्या ताणलेल्या, मधोमध डाग. तिनं तो सवयीनं उजेडात धरून पाहिला, डाग काढला, आणि नव्या घरी आपली छाप पडावी म्हणून त्याला खळ घातली. टीशर्टला. पांढऱ्या गणवेशाला घालतात तशी, भरपूर. वर कडक इस्त्री करून बाह्यांना धार काढली. संध्याकाळी तो टीशर्ट भिंगरीच्या पलंगावर ठेवला होता म्हणण्यापेक्षा उभा केला होता म्हणणं जास्त खरं ठरेल.

भिंगरीनं तो उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. ती रडली नाही की ओरडली नाही. तिनं एक टोपी शोधून डोक्यावर घातली, आणि ती जेवतानाही काढली नाही.

"तो धुवायचा नव्हता गं," नवरा भांडी पुसता पुसता हळूच म्हणाला.

"तिच्या आईचा होता?"

"होता माझाच. पण तिची आई रविवारी तिचे केस धुवायची ना, तेव्हा तो काहीतरी लागायचा. शेवटच्या रविवारचा तसाच राहिला होता. भिंगरी त्याचा वास घेते. वास घेतला की आई काय करायची ते आठवतं, म्हणते."

"आणि मी त्याला खळ घातली."

नवरा खोटं न बोलणारा माणूस होता. "हो," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा ताईला एखादा डाग निघाल्याचं वाईट वाटत होतं, आणि तो परत कसा आणायचा हे कुठल्याही डब्यावर छापलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पेला संपवून भिंगरी म्हणाली, "बाबा, मला केस कापायचेत. पूर्ण. पोरांसारखे."

"का गं एकदम?"

"मला ते जमत नाहीत. तुम्हालाही जमत नाहीत. आई काय करायची ते थोडं थोडं आठवायचं, आता तेही आठवत नाही." हे बोलताना तिनं ताईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं.

बापाला पोरीला नाही म्हणता येत नसे. त्यानं पार्लरला फोन लावला, रविवारी दुपारची वेळ मिळाली.

केस तिचे होते. आवडत नाहीत म्हणून तिनं ते कापले असते तर ताईनं स्वतः कात्री आणून दिली असती. पण आपण एक टीशर्ट धुतला म्हणून ते कापले जाणार होते. पोरीकडे आईचं म्हणून जे उरलं होतं ते आपण आल्या आल्या साबणानं पुसून टाकलं, हे तिला गिळवेना. रविवारच्या आत ते केस पोरीच्या आईनं बसवले असते तसे बसवून दाखवायचे. पुढे ठेवायचे की कापायचे, ते पोरीनं ठरवावं. एवढं तिनं मनाशी घट्ट केलं.

आता अडचण अशी, की ते कसे बसवायचे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही घरात असायचात ना?" तिनं नवऱ्याला धारेवर धरलं.

"रविवारी माझी हमखास ड्यूटी. लोक सुट्टीच्याच दिवशी लिफ्टमध्ये अडकतात."

"काहीतरी आठवत असेल."

त्यानं बराच विचार केला. "दुपारी आलो की बाथरूममध्ये पाय घसरायचा."

"आणि?"

"एकदा पडलोसुद्धा."

एवढ्या साक्षीवर कुठलंही प्रकरण उभं राहिलं नसतं. ताई दुकानात आली, गाठोडी सोडायला बसली, आणि कुणाच्या तरी पँटच्या गुडघ्यावरचा गवताचा हिरवा डाग बघता बघता एकदम थांबली. डाग तिनं काढला होता खरा. पण काढण्याआधी पाहिला होता, आणि पाहिलेला डाग ती कधी विसरत नसे.

"मामा, काखेत घाम नव्हता."

मामांनी चपापून स्वतःच्या काखेकडे पाहिलं. "कुणाच्या?"

"त्या टीशर्टच्या. कॉलरसुद्धा स्वच्छ होती. म्हणजे तो अंगात कुणी घालतच नव्हतं. बाह्या ताणलेल्या, टोकांशी चुण्या, गाठ मारून मारून पडतात तशा. आणि डाग छातीवर मधोमध, ताटलीएवढा."

"ताटलीएवढा की डोक्याएवढा?" मामा म्हणाले. ते असं काही सहज बोलून जात.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. ओलं डोकं टीशर्टवर टेकवायचं आणि बाह्या मानेमागे बांधायच्या. बरोबर बसत होतं. "आता पुढचं. डाग दोन थरांचा होता. खालचा पांढरट, मेणचट, त्याला बदामासारखा वास. ते कंडिशनर. वरचा थर पारदर्शक आणि कडक. नखानं पापुद्रे निघत होते. साबण लागलाच नाही, कोमट पाण्यात बुळबुळीत होऊन सुटला."

"डिंक असेल."

"डिंक इतका सरळ नसतो. आणि शिवणीत एक टरफल अडकलं होतं. तपकिरी, चपटं, चकचकीत."

मामांनी इस्त्री उभी ठेवली. "जवस."

"जवस. उकळला की चिकट पाणी सुटतं. म्हणूनच ह्यांचा पाय घसरायचा." ताईचा आवाज चढला. "मामा, ती बाई केसांना खळ घालत होती."

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं. मामांनी या शोधाचं तोंडभर कौतुक केलं असतं, पण ताई आता त्यांच्या डोक्याकडे बघत होती, आणि ती नजर त्यांना आवडली नाही.

"मामा, तुमचे केस मुळात कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"तेलाखाली कसे आहेत?"

"तेलाखालचे मीही बरीच वर्षं बघितलेले नाहीत, आणि मला ते बघायचे नाहीत."

पण पोरीचा विषय निघाला आणि मामांची बोलती बंद झाली. भिंगरी शाळा सुटल्यावर रोज दुकानात येऊन काउंटरवर अभ्यास करायची, आणि तिच्या डोक्यावरची ती टोपी मामांनाही टोचत होती. "एकदाच," ते म्हणाले. "आणि ते कपड्यांचं सॉफ्टनर लावायचं नाही."

ताईनं हातातली सॉफ्टनरची बाटली गुपचूप खाली ठेवली.

पहिला प्रयोग विसरण्यासारखा झाला, पण मामा अजून विसरलेले नाहीत. तेल काढताना तीन वेळा पाणी काळं झालं. मग ताईनं टॉवेल घेऊन त्यांचं डोकं खसाखसा पुसलं, वाळवलं, आणि बारीक दातांच्या कंगव्यानं विंचरलं. मामांचे केस चहूबाजूंनी उभे राहिले. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात कुणी चष्मा ठेवून दिलाय असं दिसत होतं. तेवढ्यात वकीलसाहेब कोट न्यायला आले. त्यांनी कोट घेतला, मामांकडे न बघता पैसे ठेवले आणि बाहेर गेल्यावर हसले.

"घासायला नको होतं," ताई पुटपुटली, आणि तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. लोकरीचा स्वेटर तिनं असा कधी खसाखसा पुसला असता का? लोकर घासायची नाही, पिळायची नाही. ओली असतानाच मऊ करायची, टॉवेलात नुसती दाबून पाणी काढायचं, आणि तिच्या वळणानं तिला सुकू द्यायचं. हे ती शिकाऊ मुलींना ओरडून ओरडून सांगायची. आणि लोकर म्हणजे तरी काय, कुणाच्या तरी अंगावरचे कुरळे केसच. एवढी साधी गोष्ट डोक्यात यायला मामांच्या डोक्याचा बळी द्यावा लागला.

मग ती कंडिशनर शोधायला निघाली. हवा होता तो एकच वास, बदामाचा आणि मागून येणारा किंचित आंबटसर. तिनं एकामागून एक दुकानं पालथी घातली. बाटली उचलायची, टोपण उघडायचं, हुंगायचं, नाक मुरडायचं आणि ठेवून द्यायची. एका दुकानदारानं शेवटी विचारलं, "बाई, घ्यायचंय की नुसतं जेवायचंय?" त्याच्याचकडे, सगळ्यात खालच्या फळीवर, धूळ बसलेली एक बाटली निघाली. ताईनं टोपण उघडलं आणि डोळे मिटले. तो टीशर्ट उजेडात धरला होता ती दुपार जशीच्या तशी तिच्यासमोर उभी राहिली.

जवसानंही सरळ दाद दिली नाही. पहिल्यांदा तो इतका उकळला गेला की पातेलं उलटं केलं तरी खाली पडेना. दुसऱ्यांदा बेताचा झाला, पण गाळणीतून उतरेना. तेव्हा ताईनं नाजूक कपडे धुवायची जाळीची पिशवी आणली, त्यात तो ओतला आणि पिळला. खाली वाटीत लांब तार धरणारी, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी खळ उतरली. हे मात्र तिच्या ओळखीचं काम होतं.

दुसऱ्या प्रयोगाला मामा खुर्चीत शहीद होण्याच्या तयारीनं बसले. ताईनं केस चिंब ठेवले. कंडिशनर सढळ हातानं लावून, बोटांनी गुंता सोडवून, वर मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून मुळांकडे थोडा थोडा फिरवला. मग खळ घेतली, आणि मुठीत केस धरून खालून वर दाबत गेली. पुसलं काहीच नाही. डोक्याला एक जुना सुती बनियन बांधून दिला, आणि मामा तशाच अवतारात प्रेसच्या टेबलामागे उभे राहून वाफेच्या इस्त्रीनं चादरी सरळ करत राहिले.

दुपारी बनियन सोडला. मामांच्या कपाळावर एक गुबगुबीत, चमकदार लाट आली होती. कानांवर दोन बटा, मागे मानेवर छोटी छोटी वेटोळी. मामांनी काउंटरवरचा आरसा घेतला, समोरून बघितलं, बाजूनं बघितलं, आणि आरसा परत द्यायला ते विसरले.

"बरे आहेत," ते म्हणाले. नंतर ते उगाचच तीनदा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

शाळा सुटल्यावर भिंगरी आली, टोपी कानापर्यंत ओढलेली. दप्तर ठेवता ठेवता ती थबकली.

"मामा, तुमच्या डोक्याला काय झालंय?"

"काही नाही. असेच आहेत आमचे पहिल्यापासून."

ती हसली नाही. तिच्या नाकपुड्या हलल्या. ती टेबलाला वळसा घालून आली आणि म्हणाली, "खाली वाका."

मामा वाकले. भिंगरीनं त्यांच्या डोक्यात नाक घातलं आणि तशीच उभी राहिली. एक म्हातारा होत चाललेला माणूस टेबलाला धरून वाकलेला आणि एक पोर त्याचं डोकं हुंगतेय, हे दृश्य बघून दारातल्या गिऱ्हाइकानं पाय मागे घेतला. मामांची कंबर भरून आली तरी ते हलले नाहीत. ताई मशिनपाशी पाठमोरी उभी होती, कारण तिला वळायचा धीर होत नव्हता.

भिंगरीनं डोकं वर केलं, नाक पुसलं आणि गणिताचं पुस्तक उघडलं. घरी जाईपर्यंत ते पान उलटलं नाही.

रविवारी सकाळी बाप सुट्टी टाकून, बूट घालून, पार्लरला जायला तयार होऊन बसला होता. ताईनं पातेल्यात जवस तयार ठेवला होता, पण विचारायचं कसं हे तिला सुचत नव्हतं. इतक्यात भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात तो टीशर्ट, फळीसारखा ताठ.

"काकू," ती म्हणाली, "हा वाकत नाही."

"त्याची खळ काढून देते," ताई घाईघाईनं म्हणाली. मग तिनं पोरीकडे सरळ बघितलं. "भिंगरी, मी तो विचारल्याशिवाय धुवायला नको होता. माझं चुकलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं," भिंगरी म्हणाली. ते माफ केल्यासारखंही नव्हतं आणि नाही केल्यासारखंही नव्हतं. "पण बाह्यांना धार कशाला काढली?"

ताई टीशर्ट घेऊन बादलीकडे वळली.

टीशर्ट कोमट पाण्यात दोनदा बुचकळून, दाबून, इस्त्री फिरवून सुकवला. भिंगरी टबवर डोकं खाली करून बसली, टोपी बाजूला पडली, आणि ताईनं पाणी सोडलं. इतके केस तिनं बापजन्मात हाताळले नव्हते. कंडिशनरची अर्धी बाटली आत गेली आणि पत्ता लागला नाही. पण बोटं फिरत गेली तशा गाठी एकेक करून सुटायला लागल्या. ताई कुठेही ओढत नव्हती. खाली टोकाशी सोडवायचं, मग थोडं वर. ती खळ घेऊन मुठीनं दाबायला लागली तसा पचक पचक आवाज यायला लागला.

"हा आवाज," टबातून भिंगरीचा आवाज आला.

"काय हा आवाज?"

"हा असायचा."

ताई आणखी जोरात पचकवायला लागली.

मग टीशर्ट खुर्चीवर पसरला, भिंगरीनं डोकं टेकवलं, बाह्या मानेमागे बांधल्या, आणि दोघी खिडकीत उन्हाला बसल्या. गाठ सोडल्यावर ताईनं एकच नियम सांगितला, सुकेपर्यंत हात लावायचा नाही. बाप बूट घालून दारातून डोकावून जायचा. मधेच मामाही आले, आणि आपले केस नीट बसलेत हे सगळ्यांना दिसेल अशा जागी उभे राहिले.

केस सुकले.

बटा झाल्या होत्या, नाही असं नाही. पण ओल्या दिसाव्यात तशा गच्च, चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या. ताईनं बोट लावलं तर करकर वाजल्या. सुकलेल्या झाडूला हात लागावा तशा. मामांचे असे झाले नव्हते. ती मामांकडे बघायला लागली आणि तिच्या लक्षात आलं. मामा दुपारपर्यंत वाफेत उभे होते, वाफेनंच त्यांची खळ मऊ केली होती. मऊ करायची काहीतरी पायरी होती, ती टीशर्टवर उमटलीच नव्हती, कारण तिचा डाग पडत नसणार. आधी टीशर्ट ताठ केला, आता पोरगी. पोरीला वाफेवर धरावं की काय असाही एक वेडा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"निघायचं का मग?" बापानं बाहेरून विचारलं.

भिंगरी आरशासमोर उभी होती. तिनं एक बट हातात धरली. तिचा कडकपणा चाचपला. मग तिची मूठ हळूच मिटली. करकर आवाज झाला, आणि मूठ उघडली तेव्हा तळव्यावर मऊ, गोल, लवलवती बट होती. ती तिच्याकडे बघत राहिली.

"शेवटी आई म्हणायची," ती सावकाश म्हणाली, "आता चुरगळ."

मामांनी दचकून ताईकडे बघितलं.

"काय म्हणायची?" ताईनं विचारलं.

"आता चुरगळ. असंच म्हणायची. पुढचे मी चुरगळायचे आणि मागचे ती. मला आठवलं, काकू." ती आता दोन्ही हातांनी दाबत होती, आणि चेहऱ्याभोवती एकेक बट सुटून उड्या मारत होती. "आम्ही दोघी एकदम चुरगळायचो. मला आठवलं."

मग ती वळली, ताईकडे पाठ करून उभी राहिली आणि मान खाली घातली. "मागचे माझ्या हाताला येत नाहीत. तुम्ही चुरगळा."

ताईनं हात उचलले. त्या हातांनी आयुष्यात एक रुमालसुद्धा मुद्दाम बोळा केला नव्हता. पहिली मूठ तिनं इतकी हळू मिटली की काहीच वाजलं नाही.

"जोरात, काकू."

मग मात्र तिनं मूठ आवळली. करकर वाजलं. दुसरी मूठ, तिसरी, खालून वर, मानेपासून टाळूपर्यंत. खळीचा भुसा तिच्या साडीवर पडत होता आणि तिला तो झटकायचं सुचत नव्हतं. मामांनी तोंड भिंतीकडे केलं. इतकी वर्षं त्या दुकानात काढल्यावर ताईला असं करताना बघणं त्यांच्याच्यानं होईना. बाप आत आला तेव्हा त्याला आधी नुसते केस दिसले, भिंतीवरच्या फोटोतले, जसेच्या तसे. तो दारातच बसला आणि बूट काढायला लागला.

"बाबा, पार्लरवाले वाट बघत असतील," भिंगरी म्हणाली.

"मग? जायचंय का?"

"मला नाही."

"फुकट घालवू नका ती वेळ," मामा भिंतीकडे बघतच म्हणाले. "मला मागून जरा आकार द्यायचाच होता."

मामा गेले. ताई खुर्ची आवरायला वळली. खुर्चीवर टीशर्ट पडला होता, मधोमध ताटलीएवढा ताजा डाग, खाली पांढरट, वर पारदर्शक. तिनं तो चिमटीत धरून, अजिबात न दुमडता, कपाटाकडे न्यायला सुरुवात केली.

"तो कुठे नेताय?"

"ठेवते तळाशी. अभ्र्यात. होता तसाच."

भिंगरीनं तिच्या हातातून तो घेतला. नाकाशी नेला, एक मोठा श्वास घेतला, आणि पुन्हा तिच्या हातात कोंबला.

"धुवा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी लागेलच."

ताई तो घेऊन बाथरूममध्ये गेली. बादलीत कोमट पाणी घेतलं, बाजूला बसली, आणि टीशर्ट पाण्यात सोडायच्या आधी तिनं तो पुन्हा एकदा उजेडात धरला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे डाग नीट दिसेना. बाहेर भिंगरी कुठेतरी धावत निघाली होती. दाराशी तिची पावलं थांबली.

"काकू, आणि खळ घालू नका हां."